एका ओळीखालची रेघ

डिसेंबरातल्या एका मंगळवारी माझे पती साडेआठला ऑफिसला निघाले. दहा वाजता हॉस्पिटलमधून फोन आला. त्यांचं हृदय बंद पडलं होतं.

तेरा दिवस मी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या घरी होते. ओळखीची मराठी मंडळी आळीपाळीने डबे आणत. सुतकात घरी स्वयंपाक करायचा नाही, हे त्यांनी मिशिगनमध्येही पाळलं. हाताला काम नव्हतं, म्हणून मी जानेवारीच्या टर्मचा सिलॅबस लिहिला आणि पाठवून दिला.

मी कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅडजंक्ट आहे, म्हणजे टर्मपुरती नेमलेली शिक्षिका. कोर्स लागला तर काम, नाही लागला तर घरी. पुण्यात संस्कृत शिकले, इथे येऊन ग्रीक. माझा कोर्स प्राचीन ग्रीक साहित्य आणि त्यानंतरच्या श्रद्धा-नीतीच्या कल्पना यांवर असतो. तो चालायला दहा विद्यार्थी लागतात. मला बरोबर दहा मिळाले होते.

दुसऱ्या आठवड्यात डीनने बोलावलं.

"तुझी विद्यार्थिनी कॅरल कोर्स ड्रॉप करते म्हणतेय. शुक्रवार शेवटचा दिवस. नऊ उरले तर मला क्लास कॅन्सल करावा लागेल."

"का सोडतेय?"

त्याने सिलॅबस माझ्याकडे सरकवला. एका ओळीखाली कॅरलने मारलेली पेन्सिलीची रेघ होती. 'ख्रिस्ती नीतीचा बराचसा भाग ग्रीकांकडून उचललेला आहे.'

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"प्रूव्ह करता येईल?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. विद्यार्थ्याच्या पेपरमध्ये असं वाक्य असतं तर मीच त्याला परत पाठवलं असतं.

संध्याकाळी शिकागोहून मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"आई, जस्ट टेल हर यू आर सॉरी."

"सॉरी म्हटल्यावर ती थांबेल?"

"मग जे खरं आहे ते सांग. बट प्लीज, तू घरी बसू नकोस."

भीती मलाही त्याचीच होती. दिवसभर त्या घरात मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

गुरुवारी मी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि सर्वांसमोर पुसली. म्हटलं, "पहिल्या काही शतकांतले बरेच ख्रिस्ती लेखक ग्रीक शाळांत शिकले. जुनी महाकाव्यं ही त्यांची पाठ्यपुस्तकं होती. त्यांतले देव त्यांनी नाकारले. युक्तिवादाची पद्धत ठेवली, आत्म्याबद्दल बोलायचे शब्द ठेवले. इतकं दाखवता येतं. दया त्यांना ग्रीकांनी शिकवली, हे मला दाखवता येणार नाही. ते मी लिहायला नको होतं."

मग आम्ही त्याच ग्रीक महाकाव्यांतला एक प्रसंग वाचला. युद्ध चालू आहे. म्हातारा राजा मुलाचं प्रेत मागायला शत्रूच्या तळावर जातो. ज्या हातांनी मुलाला मारलं, त्यांचंच चुंबन घेतो. दोघं आपापल्या माणसांसाठी रडतात. मग तो शत्रू त्याला जेवायला बसवतो.

कॅरलने हात वर केला. बासष्ट वर्षांची बाई, गाड्यांच्या पार्ट्‌सच्या कारखान्यातून रिटायर झालेली.

"आणि म्हातारा जेवतो?"

"जेवतो. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच."

तिने पानावर बोट ठेवलं. "आमच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये फ्युनरलनंतरचा लंच मी करते. हॅम आणि बटाटे. घरचे म्हणतात, भूक नाही. मी प्लेट हातात देते आणि शेजारी बसून राहते. हे मला कुठल्या ग्रीकाने शिकवलेलं नाही, प्रोफेसर."

"मान्य."

"पास्टरनेही नाही. आईने शिकवलं."

वर्ग हसला. ती हसली नाही. "पण त्या लोकांनाही हे कळत होतं, हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

तास संपल्यावर ती टेबलापाशी थांबली. माझ्या पतींबद्दल तिला कुणीतरी सांगितलं असावं.

"तुम्ही जेवताय ना?"

"डबे येत होते."

"ते मी विचारलं नाही."

"थोडं थोडं," मी म्हटलं.

"सोमवारी काहीतरी घेऊन येते. हॅम नसेल त्यात, कसलंच मांस नसेल, काळजी करू नका."

शुक्रवारी पाच वाजता मी कॉम्प्युटरवर क्लासची लिस्ट उघडली. नावं दहा होती.

सिलॅबसमधल्या त्या ओळीच्या जागी आता 'ग्रीक साहित्य वाचत वाढलेल्या लोकांनी पुढे आपली श्रद्धा कशी मांडली, हे आपण पाहू' असं आहे. वाक्य लांब आहे, पण मला ते सिद्ध करता येतं. दुःखात सिलॅबस लिहायला हरकत नाही. पाठवण्याआधी तो दुसऱ्या कुणीतरी वाचावा. आमच्याकडे माझं लिहिलेलं सर्वांत आधी माझे पती वाचत. ते इंजिनियर होते, ग्रीक येत नव्हतं, पण न पटणारं वाक्य त्यांना लगेच सापडायचं.

आता मुलगी वाचते. पुढच्या टर्मचा कोर्स लागला आहे. घरात मी एकटी असते, आणि आठवड्यातून दोन दिवस माझा वर्ग असतो.