पास्क्वा तारिकोनेचं नाव

दोनातानं तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिच्या हातात फावाच्या, म्हणजे मोठ्या वालांच्या, वरणाचं पातेलं होतं. एरवी ती जेवणघरात जायची नाही. स्वयंपाकघराच्या दारातून ताटं पुढे करायची आणि मागे वळायचं, ही अडतीस वर्षांची सवय. पण ईस्टरच्या आदल्या गुरुवारी ताटं वाढणारी पोरगी तापानं झोपली आणि दोनाताला बाहेर यावं लागलं.

हिवाळाभर गढीची डागडुजी चालली होती. मालकीण ओर्तेन्सिया मिलानमध्ये वाढलेली, चाळिशीची. आजोबांची ही दगडी गढी तिनं पाहुण्यांसाठी खुली केली, तेव्हापासून उत्तरेकडचे लोक गाड्या भरभरून येत. पावाचा तुकडा तेलात बुडवून "अहाहा, अस्सल!" म्हणत. तो पाव दोनाताच्या हातचा असे.

फोटो जेवणघराच्या भिंतीवर नुकताच लावलेला, पुरुषभर उंचीचा होता. भट्टीसमोर एक तरुण बाई, डोक्याला फडकं, खांद्याला भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं, डाव्या हाताला कोपरापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या. खाली पितळी पट्टी: ‘अनाम शेतमजूर स्त्री, १९६२ च्या सुमारास.’ शेजारच्या पट्टीवर लिहिलं होतं, की ओर्तेन्सियाच्या आजी, गढीच्या सरदारीणबाई मार्केझा एलेओनोरा, रोज पहाटे स्वतः कणीक मळत आणि तीच चव पाहुणे आजही चाखत आहेत.

दोनातानं पातेलं जवळच्या टेबलावर आदळलं. वरण कुणाच्या तरी शर्टावर उडालं.

"ही माझी आई आहे."

ओर्तेन्सिया हसतच उठली. "दोनाता, आपण नंतर बोलू हं."

"आत्ता बोलू. ही पास्क्वा तारिकोने. चौकाच्या मागच्या गल्लीत राहायची. अख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्ही मला एका शब्दानं विचारलंत?"

"मला खरंच ठाऊक नव्हतं गं. आजोबांच्या पेटीत सापडला. आणि नाव नसलं ना, की ती बाई सगळ्यांचीच वाटते. पाहुण्यांना ते भिडतं."

"नाव नसलं की?" दोनातानं तबेल्याच्या दिशेनं बोट केलं. "ह्या गढीत घोड्यांना नावं होती, बाईसाहेब. तबेल्याच्या दारांवर अजून कोरलेली आहेत. जा, वाचून या!"

कुणी घास उचलेना. तूरिनहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका हळूच म्हणाल्या, "खरंच जाऊन बघायला हवं." ओर्तेन्सियाचा चेहरा लाल झाला. दोनातानं एप्रन सोडला, खुर्चीवर टाकला आणि समोरच्या दारानं बाहेर पडली.

घरी नवरा कोझिमो म्हणाला, "दोन वर्षांत पेन्शन. एका फोटोपायी लाथ मारतेस?"

"तुझ्या आईचा असता म्हणजे?"

"माझ्या आईचा फोटो कुणी काढलाच नाही."

"मग गप्प बैस."

ईस्टरला गढीत पाव झाला नाही. दुकानातला आणून वाढला, आणि पाहुण्यांनी तो तसाच ठेवला. मंगळवारी ओर्तेन्सिया स्वतः दोनाताच्या घरी आली. हातात कागदात गुंडाळलेली नवी पट्टी होती: ‘लाडकी पास्क्वा, मार्केझांची विश्वासू स्वयंपाकीण.’

दोनातानं ती वाचली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. कोझिमो ओळखून होता, हे जास्त वाईट.

"लाडकी? आईच्या हाताला चिंध्या का आहेत, ठाऊक आहे? भट्टीचं लोखंडी दार अंगावर पडलं. कातडी सोलून निघाली. दुसऱ्या दिवशी तुझ्या आजोबांच्या बहिणीचं लग्न. आई म्हणाली, बाईसाहेब, हात उचलत नाही. तर तुझी आजी काय म्हणाली असेल?"

दोनाता ओर्तेन्सियाला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणत होती.

"म्हणाली, उजवा तर धड आहे ना? आणि तुझे आजोबा नवा कॅमेरा घेऊन आले, भट्टी कशी पेटलीय ते टिपायला. ह्याला तुमच्यात लाड म्हणतात का?"

"मी काय लिहू, ते तूच सांग," ओर्तेन्सिया शेवटी म्हणाली.

"नाव. आडनाव. आणि एकेचाळीस वर्षं ह्या भट्टीत पाव तिनं केला, एवढं. आणि ती मार्केझाची थाप काढून टाक. तिला कणकेचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही."

पंधरा दिवसांनी गढीतून निरोप आला. दोनाता चर्चला जायचा काळा कोट घालून गेली. फोटोखाली नवी पट्टी होती: ‘पास्क्वा तारिकोने. १९५८ ते १९९९ या भट्टीत पाव केला.’ अक्षरं ठसठशीत, आडनावही अचूक. दोनातानं त्यांवरून बोट फिरवलं. मग शेजारची पट्टी पाहिली. मार्केझा अजून रोज पहाटे कणीक मळतच होत्या.

"ते आमच्या घराण्याचं आहे, दोनाता," ओर्तेन्सिया म्हणाली. "तेवढं राहू दे ना. तुझं तर झालं."

"माझं झालं नाही. एकच कणीक दोघींनी कशी मळली असेल? एक पट्टी खोटी आहे. कुठली ते तू ठरव."

ओर्तेन्सियानं ठरवलं नाही. म्हणून दोनाता कामावर परत गेली नाही. ती गावातल्या सहकारी बेकरीत लागली. तिथं पगार कमी, उभं राहणं जास्त. जूनमध्ये गढीचा ड्रायव्हर रोजचे वीस पाव सांगायला आला.

"विकते की," दोनाता म्हणाली. "फक्त पाहुण्यांनी विचारलं, तर कुणी केला ते सांगायचं. एवढं बाईंकडून लिहून आण."

ड्रायव्हर कान खाजवत उभा राहिला, आणि तसाच रिकाम्या हातानं गेला. मागे रांगेतल्या बायका हसल्या. दोनाता हसली नाही. तिनं पुढचा गोळा ओढला आणि लाकडी फळीवर असा आपटला, की पीठ थेट खिडकीच्या काचेपर्यंत उडालं.