बोक्याची गुरगुर

माझ्या वडिलांना सगळे मास्तर म्हणतात, पण त्यांनी आयुष्यात एकाही पोराला पाढे शिकवलेले नाहीत. त्यांनी शिकवलं ते कुत्र्यांना. एका मोठ्या कारखान्याच्या पहाऱ्यावरची अकरा कुत्री त्यांच्या हाताखाली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या अंगणात लोकांची पाळीव कुत्री शिकवायला घेतली आणि दोन-तीन वर्षांत असं नाव झालं की माणसं लांबून विचारत यायची, गुरगुर बंद करणारे मास्तर इथेच राहतात का?

ती त्यांची खासियत. दारात कुणी आलं, ताटलीजवळ कुणी वाकलं की कुत्रं गुरगुरतं आणि मालकाला पाहुण्यांपुढे मान खाली घालावी लागते. बाबा अशा कुत्र्याच्या गळ्यात ओढली की आवळणारी साखळी घालायचे. घशातून आवाज निघायला लागला की एक हिसका आणि एक शब्द, "चूप". हा शब्द ते कधी मोठ्याने म्हणायचे नाहीत. ज्याला ओरडावं लागतं तो माणूस कच्चा, असं त्यांचं मत. पंधरा दिवसांत कुत्रं गप्प व्हायचं आणि मालक हात जोडून घरी न्यायचे.

तोच शब्द घरातही चालायचा. आईला आणि मला साखळी नव्हती, एवढाच काय तो फरक. बाबांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण कुणी कुरकुर केली की वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ते "चूप" म्हणायचे आणि पुढे ब्र काढायची सोय नसायची. मी जात्याच रागीट आहे. तो राग मी गिळायला शिकले, आणि आई तर माझ्या आधीच शिकून बसली होती. तिला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या पोटात दुखतंय हे आमच्या घरात उघड झालं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते. दारासमोरच्या टेबलाशी बसून नोंदी ठेवायच्या, फोन घ्यायचे, वेळ आली तर मांजर धरायचं. एका मंगळवारी सकाळी तिथे प्लंबर आला. आमच्या स्वयंपाकघरातला नळ त्यानेच बसवलेला, त्यामुळे ओळख होती. कुत्रा बरोबर नव्हता. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत तो म्हणाला की बोक्याला इंजेक्शन द्यायचंय, ते कायमचं.

बोका हा त्याचा कुत्रा. रंगाने तपकिरी, छातीने रुंद. लहानपणी दुधाच्या पातेल्याशी चोरपावलांनी जायचा म्हणून हे नाव पडलं. त्यावरून दवाखान्यात दर वेळी गोंधळ व्हायचा. बोक्याला आणा म्हटलं की आमचा कंपाउंडर मांजराचा पिंजरा घेऊन यायचा आणि समोर तीस किलोचं धूड बघून गपचूप परत जायचा. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. बोक्याने प्लंबरच्या आईचं मनगट फोडलं होतं. नऊ टाके पडले होते. ती ओल्या फडक्याने त्याचा कान पुसत होती, रोज पुसायची तसाच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चावण्याआधी तो गुरगुरला होता का?

"छे," प्लंबर म्हणाला. "तो गुरगुरतच नाही. मास्तरांनी शिकवलाय." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. अशा वेळीसुद्धा त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

बाईंनीही माझ्याकडे बघितलं. मी वही ओढली आणि शनिवार, सकाळी अकरा, अशी नोंद केली. माझं अक्षर चांगलं आहे. ती नोंद तेवढी वाचवत नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी बाबांना सांगितलं. नीट सांगितलं नाही, लागेल असंच सांगितलं. तुमचा बोका चावला, आवाज न करता चावला, शनिवारी त्याला झोपवणार आहेत. बाबांनी कप खाली ठेवला. कुठे चावला, कोण जवळ होतं, हात कुठल्या बाजूने गेला, असे सगळे प्रश्न त्यांनी शांतपणे विचारले. कान म्हटल्यावर ते उठले आणि दाराआड खिळ्याला टांगलेल्या साखळीसमोर जाऊन उभे राहिले.

"पहाऱ्यावरच्या कुत्र्याची गुरगुर आम्ही कधी मोडली नाही," ते माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले. "कुत्रा आधी सांगतो, मग चावतो, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक होतं. घरातल्या कुत्र्याला ती कशाला लागते, असं वाटलं मला."

इतकी वर्षं कुत्र्यांत काढलेला माणूस, आणि एवढी मोठी गोष्ट केवळ मालकांना नको म्हणून त्याने पुसून टाकली होती. मला त्यांची कीव आली नाही. रागच आला.

दुसऱ्या दिवशी ते प्लंबरच्या घरी निघाले तेव्हा मीही गेले. बोका मागच्या खोलीत कोंडलेला होता आणि दारापलीकडून साधं कण्हणंही ऐकू येत नव्हतं. प्लंबरची आई, जिला आम्ही काकू म्हणतो, हाताला पट्टी बांधून खाटेवर बसली होती. बाबा तिच्यापुढे उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"चूक कुत्र्याची नाही, माझी आहे," ते म्हणाले. "मला तीन आठवडे द्या."

माझी चूक हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. प्लंबर तयार होईना, आणि त्याचं बरोबरच होतं. त्याची बायको बाळंतपणाला आईकडे गेली होती. महिन्याभरात तान्हं मूल घरात येणार, आणि घरात न सांगता चावणारा कुत्रा! तो जीव कितीही लाडका असला तरी कुठला बाप असा धोका पत्करेल? शेवटी काकूंनीच निवाडा केला. टाके माझ्या हाताला पडलेत तेव्हा मीच ठरवणार, तीन आठवड्यांनी मी स्वतः येऊन बघीन, आणि मला भरवसा वाटला नाही तर त्याच दिवशी इंजेक्शन. बाबा हो म्हणाले. मी वहीतला शनिवार खोडून तीन आठवड्यांपुढची तारीख पेन्सिलीने लिहिली.

आधी तोंडाला जाळी बांधून बोक्याला दवाखान्यात नेलं. कान आतून लालभडक होता, पू धरलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे महिन्याभराचं दुखणं आहे. हा सांगत असणार, मास्तर, मान वळवून, ओठ चाटून, अंग ताठ करून. आवाज तेवढा तुम्ही ठेवला नव्हता.

बाई माझ्याहून लहान, म्हणजे बाबांच्या पुढ्यात कालची पोर. एरवी असं बोलणाऱ्याला त्यांनी उभं केलं नसतं. पण त्या दिवसापासून रोज दुपारी ते दवाखान्यात यायचे, कुत्र्या-मांजरांच्या मालकांमध्ये बाकावर बसायचे आणि बाईंना फुरसत मिळाली की वही उघडून विचारायचे, मग आता काय करू? मी टेबलाआडून बघत असायची. मास्तरांची शाळा बाकावर भरली होती आणि विद्यार्थी एकटेच होते.

बाईंचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता. बोक्याला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि त्याचं नाही ऐकलं गेलं पाहिजे. तो गुरगुरणार नाही, पण मान तर वळवेल? मान वळली की हात मागे. ओठ चाटला की हात मागे. हात आपण त्याच्या अंगावर न्यायचाच नाही, दोन वीत अलीकडे थांबवायचा. तो पुढे आला तर हनुवटीखाली तीनदा खाजवायचं आणि थांबून त्याला विचारायचं, म्हणजे हात काढून घ्यायचा. पुन्हा आला तर पुन्हा. नाही आला तर विषय संपला.

ऐकायला सोपं आहे. बाबांना ते फार जड गेलं. आयुष्यभर त्यांचा हात पुढे जायचा आणि कुत्रं मागे सरायचं. आता कुत्र्याने नुसती नजर फिरवली तरी त्यांना मागे सरायचं होतं. पहिल्या दिवशी अंगणात स्टुलावर बसून त्यांनी हात पुढे केला, बोक्याने मान वळवली, आणि तरीही हात दोन बोटं पुढे गेलाच. मी पायरीवरून म्हणाले, "मान वळली, बाबा." त्यांनी हात असा झटकन काढला की जणू चटका बसला. मग वहीत लिहिलं, मान वळवली, मी उशिरा थांबलो. ती वही मी नंतर चोरून वाचली. पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज तेच होतं, मी उशिरा थांबलो.

दुसऱ्या आठवड्यात चूक कमी झाली. बोका स्टुलाच्या जवळ येऊन बसायला लागला. कानात थेंब घालायचे तर बाटली आधी जमिनीवर ठेवायची, तिच्या शेजारी उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि तो निघून गेला तर जाऊ द्यायचा. एकदा थेंब पडायला पाऊण तास लागला. बाबांनी पाऊण तास वाट बघितली. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला हा माणूस दहा मिनिटं थांबला नव्हता, हे माझ्या मनात आलंच.

कान बरा झाला. बोक्याची शेपूट हलायला लागली. तो मान वळवायचा, उठून जायचा, जांभई द्यायचा. गुरगुर मात्र येईना. कामावरून आल्यावर मी परक्या बाईचं सोंग घेऊन त्याच्या ताटलीजवळून जायची. तो खाणं थांबवून ताठ उभा राहायचा, पण घशातून हूं की चूं नाही. विसाव्या दिवशी बाबा म्हणाले, "उद्या मी त्यांना खरं काय ते सांगणार. आवाज परत आलेला नाही." त्या रात्री ते धड जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आणि काकू आले. टाके निघाले होते, मनगटावर गुलाबी वण राहिला होता. बाबांनी बोक्याच्या तोंडाला जाळी बांधली, काकूंना खुर्ची दिली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. प्लंबरने माझ्याकडे बघितलं. ती पेन्सिलीची तारीख त्याच दिवसाची होती.

काकूंनी पिशवीतून फडकं काढलं. घरूनच ओलं करून आणलं होतं. "त्या दिवशी केलं तेच करते," त्या म्हणाल्या, आणि फडकं धरून कानाकडे हात नेला. बोक्याने मान वळवली. हात थांबला नाही. त्याने ओठ चाटला. हात थांबला नाही. त्याचं अंग ताठ झालं, आणि मग जाळीच्या आतून एक आवाज आला. बारीक, खरखरीत, बऱ्याच दिवसांनी सुरू केलेल्या पंपासारखा.

"चूप," प्लंबर म्हणाला आणि त्याचा हात गळपट्ट्याकडे गेला. तो आवाज हुबेहूब बाबांचा होता. तसाच हलका, तसाच थंड. त्यांनीच तर शिकवला होता त्याला.

बाबांनी प्लंबरचं मनगट धरलं. "बोलू द्या त्याला," ते म्हणाले. "पाया पडतो, बोलू द्या."

काकूंचा हात तोवर आपोआप मागे आला होता. "बरं बाबा, नको तर नको," त्या म्हणाल्या. गुरगुर थांबली. बोक्याने त्या हाताकडे बघितलं, जरा वेळ उभा राहिला आणि तिथेच दोन हात अंतरावर बसला. काकूंनी आपल्या मनगटावरच्या वणावरून बोट फिरवलं. मग मुलाला म्हणाल्या, "हे मला त्या दिवशी ऐकू आलं असतं तर मी हात काढला असता रे. चल, घेऊन चल याला घरी."

बाबांनी प्लंबरला बजावून सांगितलं की मूल आणि कुत्रा दोघंच एका खोलीत कधीही ठेवायचे नाहीत, आणि तो गुरगुरला तर ती तक्रार आहे, गुन्हा नाही. त्याने दोनदा विचारून घेतलं. फाटकातून जाताना बोक्याने मागे वळूनही बघितलं नाही. मी दवाखान्यात फोन करून कंपाउंडरला ती नोंद पुसायला सांगितली.

आत आले तर बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. पुढ्यात ती साखळी होती.

"तुझ्या आईला किती दिवस दुखत होतं?" त्यांनी विचारलं.

चार वर्षांत हे पहिल्यांदा. "आठ महिने," मी म्हणाले.

"तुला ठाऊक होतं?"

"शेवटचे दोन. बाबांना सांगू नको म्हणाली."

"का?"

तो 'का' ऐकला आणि माझा बांध फुटला. का म्हणून काय विचारता? तिने एकदा म्हटलं होतं तुम्हाला, जेवताना, पोटात कसंतरी होतंय म्हणून. तुम्ही मान वर केली नव्हती. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं, कारण समोर मी बसले होते, आणि मीसुद्धा गप्प राहिले. तुम्हाला दिसत नव्हतं का, ती अर्धं ताट टाकून उठायची? मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मोठ्याने बोलत होते. मध्येच रडले, मध्येच टेबलावर हात आपटला, साखळी खाली पडली. आईचं झालं, मग माझं सुरू झालं, शाळेपासूनचं. बाबांचे ओठ दोनदा हलले. दोन्ही वेळा त्यांनी ते मिटून घेतले.

बोलून बोलून माझा घसा बसला. मी थांबले. आता ते उठून जातील असं मला वाटलं, कारण आजवर तेच व्हायचं. ते उठले, माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरून आणला आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसले.

"अजून आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

"मग बोल."