आधी भिंत उघडा, मग सही

इदालिना रेझेंडिशचा नवरा दिवाणावर, अंगावर घोंगडी घेऊन मेला. ताप होता म्हणून ग्वाल्तेर दोरखंडाच्या कारखान्यातून भरदुपारीच घरी आला होता. इदालिना पडदे शिवायच्या गिरणीत मशीनवर होती. संध्याकाळी तिने दार उघडलं, तर नवरा गाल लालबुंद होऊन झोपलेला. ‘बरा दिसतोय की,’ असं तिला क्षणभर वाटलं. पुढे कितीतरी वर्षांनी हे तिने मला सांगितलं, आणि सांगताना हातातला कप इतका घट्ट धरला की त्याचा कान निघून आला.

थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. न्हाणीघराजवळच्या कपाटात गॅसचा नवा गीझर होता. त्याची धुराची नळी चिमणीत नीट बसवायची सोडून नुसती टेकवून ठेवली होती. धूर घरातच फिरत राहिला; गालांची ती लाली त्या विषारी धुराची होती.

तो गीझर बसवला होता ऑरेलियु फुर्तादोने. भाड्याचं ते घर त्याचंच, आणि असोरिस बेटांवरून अमेरिकेत आलेल्या आमच्या पोर्तुगीज लोकांत सगळ्यात नावाजलेला प्लंबरही तोच. इदालिनाच्या मुलीचा, देलियाचा, तो धर्मपिता होता. म्हणून तो इदालिनाला ‘कोमाद्रे’ म्हणायचा आणि ती त्याला ‘कोम्पाद्रे’. आमच्यात हे नातं सख्ख्या भावाबहिणीच्या तोडीचं. आदल्या रविवारी चर्चमधून येताना तो हत्यारं घेऊन आला, गीझर बसवला, तिच्या हातचं कोबीचं सूप दोनदा मागून प्यायला आणि गेला.

आमच्या गावात गीझर बदलायचा तरी नगर कार्यालयातून परवाना काढावा लागतो. परवान्यावर प्लंबरचं नाव चढतं, काम झालं की तपासनीस येऊन बघतो, आणि त्याच्या सहीशिवाय गॅस सोडायचा नसतो. ऑरेलियुने परवाना काढलाच नव्हता. काढला असता तर तपासनीसाने ती जुनाट चिमणी आधी दुरुस्त करायला लावली असती, आणि ती कटकट त्याला नको होती.

चौकशीत तो ढसाढसा रडला. म्हणाला, “ग्वाल्तेरने स्वतःच बसवला हो. मी म्हणत होतो, थांब, मी येतो. पण हट्टी माणूस! देव त्याला शांती देवो.”

“खोटारड्या!” इदालिना उठून ओरडली. “माझं सूप पिऊन गेलास ना रे तू त्या दिवशी!”

तेव्हाचा तपासनीस ओडाउड नावाचा म्हातारा आयरिश होता. त्याने तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. “बाई, मला कळतं सगळं. पण परवाना असता तर त्यावर त्याचं नाव असतं. आता एका बाजूला तुमचा शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा.”

तिचा शब्द म्हणजे मोडक्यातोडक्या इंग्रजीतला, एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा. त्याचा शब्द म्हणजे फुर्तादोचा. निकाल काय लागणार ते उघडच होतं. वर ऑरेलियुने शवपेटीला खांदाही दिला. नणंद म्हणाली, “हाकल ना त्याला!” इदालिना म्हणाली, “उचलू दे. वजन कळू दे त्याला.”

मी तेव्हा नगर कार्यालयात परवान्यांच्या खिडकीवर बसायचे. सुतकाचे काळे कपडे घालून ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“प्लंबर व्हायला काय लागतं?”

मी सांगितलं. लायसनवाल्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम, संध्याकाळची शाळा, मग परीक्षा.

“आणि तपासनीस व्हायला?”

“त्याच्या पुढे आणखी बरीच वर्षं.”

“बरं,” ती म्हणाली. एखाद्याने बसची वेळ विचारून घ्यावी, तशी ती वळून निघूनही गेली.

फुर्तादोच्या भीतीने आमच्यातला एकही प्लंबर तिला हाताखाली घेईना. शेवटी तिला घेतलं व्रोना नावाच्या एका पोलिश प्लंबरने. ऑरेलियुने त्याची बरीच गिऱ्हाइकं पळवली होती. तो म्हणाला, “शिकवतो मी तुला. का शिकायचंय ते सांगू नकोस, मला ठाऊक आहे.” तेव्हापासून इदालिना तळघरांतून सरपटायला लागली. तुंबलेल्या मोऱ्या काढल्या, बिडाचे नळ कापले, शिसं वितळवलं. शिवणकामाने नाजूक राहिलेले तिचे हात वर्षभरात लोहाराचे झाले. क्लबात ऑरेलियु पत्ते पिसता पिसता म्हणायचा, “आमची कोमाद्रे आता संडास उपसते! ग्वाल्तेर वरून बघत असेल बिचारा, नाकाला रुमाल लावून.” लोक हसायचे. कुणीतरी हे येऊन तिला सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, “कोण कोण हसलं?”

देलिया आत्याकडेच जास्त वाढली. आई घरी आली की पुस्तक उघडायची नाहीतर झोपायची. धर्मपिता मात्र तिच्या प्रत्येक वाढदिवसाला केक घेऊन हजर. इदालिनाने त्याला कधी दारातून परत पाठवलं नाही. उंबऱ्याच्या आत मात्र कधी घेतलं नाही. तो पायरीवर उभा राहून पोरीला खाऊ द्यायचा आणि ही आतून बघत राहायची.

वर्षं गेली. ऑरेलियुच्या गाड्या वाढल्या, तो पवित्र आत्म्याच्या उत्सव मंडळाचा अध्यक्ष झाला. आणि एका वसंतात गावाची प्लंबिंग आणि गॅसची तपासनीस म्हणून इदालिना रेझेंडिशची नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी ऑरेलियु गोड पावाचा मोठा गोल घेऊन आमच्या खिडकीशी आला. चेहऱ्यावर सगळे दात.

“कोमाद्रे! अभिनंदन! झालं गेलं आता...”

“फुर्तादो साहेब, इथे मला तपासनीस म्हणायचं,” ती म्हणाली. “आणि तो पाव उचला. टेबलावर खायच्या वस्तू चालत नाहीत.”

तिने नियमाबाहेर काहीही केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. तिला त्याची गरजच नव्हती. जुने तपासनीस ऑरेलियुच्या कामावर गाडीतूनच नजर टाकायचे आणि सही करायचे. ही टॉर्च घेऊन पोटावर झोपायची. उतार कमी आहे, फेल. नळाचे टेकू दूरदूर आहेत, फेल. दाबाची चाचणी घेताना काटा केसभर हलला, फेल. दुसऱ्या प्लंबरांना ती चूक दाखवायची, कशी सुधारायची तेही सांगायची. ऑरेलियुला नुसता नियमाचा क्रमांक.

मग आलं त्याच्या लाडक्या लेकीचं, ग्रासाचं, नवं घर. न्हाणीघराला पोर्तुगालहून मागवलेला गुलाबी संगमरवर. सगळं लावून झाल्यावर ऑरेलियुने तपासणीला बोलावलं. नियम असा की नळ भिंतीआड जाण्याआधी दाखवायचे. पण तो आयुष्यभर आधी झाकत आला होता.

इदालिनाने त्या संगमरवरावरून बोट फिरवलं. “सुंदर आहे. भिंत उघडा.”

“काय?”

“आतले नळ मी बघितलेले नाहीत. आधी भिंत उघडा, मग सही.”

“इदालिना, अगं ही माझी पोर आहे! तिच्या घरात मी वाईट काम करीन का?”

“माझ्या पोरीचाही तू बापच होतास ना,” ती म्हणाली. “धर्माचा.”

ग्रासा रडायला लागली. ऑरेलियुने स्वतःच्या हाताने हातोडा घेतला. भिंतीवरचा संगमरवर फुटत होता आणि इदालिना दारात उभी राहून बघत होती. एरवी फोडाफोडी चालू असताना ती कधी थांबत नसे, दुसऱ्या कामाला निघून जायची. त्या दिवशी शेवटचा तुकडा पडेपर्यंत थांबली. आतले नळ ठीक निघाले. तिने सही केली आणि वरून म्हणाली, “अभिनंदन.”

गावात बभ्रा झाला. त्या संध्याकाळी देलिया आईकडे आली. ती आता स्वतः लेकुरवाळी होती. मी तिथेच कॉफी घेत बसले होते.

“लाज वाटते मला, आई. ग्रासाने काय केलंय तुझं?”

“काही नाही.”

“मग?”

“तिच्या बापाला भिंत फोडताना बघायचं होतं मला.”

देलियाने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “बाबा गेले आणि तू त्या माणसाशीच संसार केलास. माझ्याशी नाही केलास.” आणि कोट उचलून गेली. इदालिनाने तिच्या कपातली उरलेली कॉफी मोरीत ओतली, कप धुतला आणि मला विचारलं, “तुला आणखी हवी का?”

एव्हाना ऑरेलियुची कामं सुटायला लागली होती. फुर्तादोला बोलावलं की तपासणी लांबते, हे लोकांना कळलं होतं. तेव्हा त्याने तेच केलं ज्याची ती वाट बघत होती. छोटी कामं तो पुन्हा चोरून, परवान्याशिवाय करायला लागला. स्वतःच्या गाड्या घरी ठेवायच्या आणि पुतण्याची बिननावाची गाडी न्यायची. इदालिना मला म्हणाली होती, “कोपऱ्यात दाबला की तो चोरीवरच येणार. मूळ स्वभाव.”

आणि एका थंडीत तो सापडला. त्याच्याच एका तिमजली घरात, तळमजल्यावर एतेल्विना नावाची एकटी म्हातारी राहायची. तिथे त्याने गीझर बदलला. परवाना नव्हता. धुराची नळी चिमणीकडे चढती असायला हवी, ती उतरती होती. इदालिना संध्याकाळी दार ठोठावून आत शिरली, तेव्हा म्हातारी स्वयंपाकघरात टेबलावर डोकं टेकून बसली होती.

“डोकं फार जड झालंय गं,” ती म्हणाली. “दुपारपासून.”

इदालिनाने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि म्हातारीला अक्षरशः उचलून बाहेर बर्फात आणलं. अग्निशमनवाले आले, रुग्णवाहिका आली. म्हातारी वाचली. गीझरला ‘वापरू नये’ अशी लाल पट्टी लागली. या वेळी पुतण्यानेच कबूल केलं की काकाने बसवला, कारण पोलीस समोर उभे होते.

प्लंबरांना लायसन देणाऱ्या राज्याच्या मंडळापुढे सुनावणी होती. तिच्या आदल्या आठवड्यात ऑरेलियु आमच्या खिडकीशी आला. टोपी हातात. पाव नव्हता.

“कोमाद्रे,” तो म्हणाला, आणि या वेळी तिने त्याला टोकलं नाही. “माझं लायसन गेलं तर पोरांचा धंदा गेला. तू म्हणशील ते करतो.”

“ग्वाल्तेरचा गीझर कुणी बसवला?”

मी खाली मान घालून कागद चाळत राहिले. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं.

“तिला ऐकू दे,” इदालिना म्हणाली. “मोठ्याने बोल.”

“मी.”

“आणि त्याचं नाव का पुढे केलंस?”

“घाबरलो होतो गं. माझीही पोरं लहान होती.” तो रडायला लागला. पूर्वी चौकशीत रडला होता तसं नाही. हे रडणं कुरूप होतं, नाकातोंडातून येणारं. “देवासारखा मित्र होता माझा. रोज आठवतो. आता तरी सोड मला.”

तिने त्याला पुरतं रडू दिलं. मग म्हणाली, “माफी चर्चमध्ये मिळते, कोम्पाद्रे. मंगळवारी वेळेवर ये.”

मंगळवारी त्याचं लायसन कायमचं रद्द झालं. मुलांनी नाव बदलून धंदा चालू करायचा प्रयत्न केला, पण चालला नाही. एक फ्लोरिडाला गेला, एक दुसऱ्याच्या हाताखाली लागला. उत्सव मंडळाने अध्यक्ष बदलला. ऑरेलियु सकाळी कोलंबिया रस्त्यावरच्या बेकरीत जाऊन बसायचा. इदालिना तिथे पाव घ्यायला जायला लागली. तो उठून दुसऱ्या बेकरीत जायला लागला, तेव्हा हिनेही बेकरी बदलली. ती त्याच्याशी बोलायची नाही. पाव घ्यायची, त्याच्या टेबलाजवळून जायची, ‘शुभ सकाळ’ म्हणायची. पुढे पुढे तो घरातून बाहेर पडेनासा झाला.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आणि खरं सांगते, बरंचसं मला आवडलं. ग्वाल्तेर माझ्या भावाबरोबर फुटबॉल खेळायचा. पण एक गोष्ट मला टोचत होती. एतेल्विनाच्या घरी पुतण्याची ती गाडी इदालिनाला दिसली कशी? ते घर तिच्या त्या दिवशीच्या वाटेवर नव्हतं.

एकदा आम्ही दोघी जेवणाच्या सुटीत तिच्या कामाच्या गाडीत बसून सँडविच खात होतो, तेव्हा मी विचारलं.

“मला सकाळीच दिसली,” ती म्हणाली. “जुना गीझर फुटपाथवर टाकला होता. मी गाडी कोपऱ्यावर लावली.”

“सकाळी? आणि आत गेलीस संध्याकाळी?”

“सकाळी गेले असते तर तो म्हणाला असता, काम अर्धवट आहे, परवाना उद्या काढणार होतो. सुटला असता. काम पुरं व्हायला हवं होतं. गॅस चालू व्हायला हवा होता.”

“अगं, पण ते दोघे दुपारी निघून गेले असतील ना?”

“गेले. मग मी थांबले. तो विसरलेलं काही घ्यायला परत येईल, मग रंगेहाथ पकडू, म्हणून.”

“आणि म्हातारी?”

सँडविचच्या कागदाची तिने घडी घातली. तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच असं काहीतरी दिसलं, जे ऑरेलियुसाठी नव्हतं.

“आत गेले तेव्हा तिचे गाल लाल होते,” ती म्हणाली. “तसेच.”

थोड्या वेळाने तिने गाडी सुरू केली. दुपारच्या तपासणीला एक तरुण प्लंबर होता. त्याच्या नळाला एक टेकू कमी होता. तिने त्याला तो दाखवला, तिथे उभं राहून बसवून घेतला आणि सही केली. त्या शनिवारी ती बसने देलियाकडे गेली. देलियाने दार उघडलं की नाही, ते मला माहीत नाही. सोमवारी इदालिना नेहमीच्या वेळी कामावर आली होती.