आला का? गेला का?

त्याला सगळे टेस्टर म्हणत. नाव ठेवलं होतं थोरल्या भावानं, आणि ठेवलं ते काही उगाच नाही. मेन बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला, तरी हा पठ्ठ्या टेस्टर टेकवल्याशिवाय तारेला हात घालायचा नाही. शिवाय लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की आधी तिला उलटा हात लावायचा. तळहातानं धरलं आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात आपोआप मागे येतो. ही शिकवण दादाचीच. पण टेस्टरनं ती इतकी अंगात मुरवून घेतली की बँकेच्या दारालाही तो आधी उलटा हात लावायचा, आणि तिथल्या वॉचमनला वाटायचं, हे गृहस्थ आत यायची परवानगी मागतायत.

दोघा भावांनी जन्मभर जोडीनं वायरिंग केलं. एक बोर्डाशी, दुसरा आतल्या खोलीत पॉइंटपाशी. इकडून हाक, "आला का?" तिकडून उत्तर, "आला." मग, "गेला का?" "गेला." दिवसभरात त्यांचं एकमेकांशी एवढंच बोलणं व्हायचं आणि त्यात दोघांचंही पोट भरायचं.

मग दादा गेला. रात्री जेवून झोपला, सकाळी उठला नाही. तेव्हापासून टेस्टर एकटाच कामाला जातो, पण जीभ काही ऐकत नाही. रिकाम्या घरात बोर्ड चालू केला की तोंडातून निघतंच, "आला का?" आणि मग तो थांबतो. एकदा एका नव्या, कुणीही राहायला न आलेल्या घरात आतून "आला" असं स्पष्ट ऐकू आलं. नंतर दादाचा तो बारीक खोकला. टेस्टर आत गेला, तर बल्ब जळत होता आणि खोलीत चिटपाखरू नव्हतं. तो हत्यारं तिथंच टाकून जिन्यात येऊन बसला. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. तिनं आधी त्याचा चहा बंद केला असता आणि मग डॉक्टर गाठला असता.

अशात पुतणीचा फोन आला. "काका, आई अजून त्या ट्रकमध्येच झोपते. सुट्टीत मी पोरीला घेऊन येतेय, आणि तिला आजीच्या ट्रकमध्येच राहायचंय. बाबांनी वायरिंग अर्धवट सोडलंय ना? तेवढं बघाल का?"

तो ट्रक म्हणजे दादाचं उतारवयातलं वेड. जुना मालाचा ट्रक घेऊन त्यानं त्यात पलंग केला, ओटा केला, छोटा फ्रिज बसवला, वहिनींकडून पडदे शिवून घेतले. काम सोडायचं आणि दोघांनी हिंडायचं, मनाला येईल तिथं मुक्काम करायचा, असा बेत होता. राहिलं होतं फक्त बाहेरचं कनेक्शन. ट्रकच्या अंगाला एक झाकणाचं सॉकेट बसवायचं, म्हणजे मुक्कामाच्या जागी एक केबल लावली की आत सगळं चालू. तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक दोनपदरी, अर्थिंग नसलेली वायर ट्रकमध्ये घेतली होती. दोन दिवसांची सोय म्हणून घेतलेली ती वायर तशीच राहिली.

टेस्टर दुपारी पोचला. चपला काढून सवयीनं ट्रकच्या दाराच्या कडीला त्यानं उलटा हात लावला.

झिणझिण्या आल्या. अगदी हलक्या, केसांवरून कुणी बोट फिरवावं तशा. हात मागे यायला हवा होता. टेस्टरचा हात मागे आला नाही. तो तसाच उभा राहिला, आणि मग त्याचं लक्ष खाली गेलं. सगळं अंगण कोरडं ठणठणीत होतं, फक्त दाराखालची जमीन ओली होती. बाजूला पाण्याचा मग होता. चाकाजवळ वहिनींच्या चपला नीट काढून ठेवलेल्या होत्या. 

वहिनी मागे चहा घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी, हा करंट कधीपासून येतोय?"

"हे गेल्यापासून."

"मग मला बोलवायचं नाही?"

"तुम्ही काढून टाकला असता." त्यांनी कप पायरीवर ठेवला. "चपला घालून लावला तर येत नाही. कोरड्यात अगदी थोडा येतो. पाणी टाकलं की नीट येतो."

दुधाला उतू जायला किती वेळ लागतो हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात त्या बोलत होत्या. 

"वायरमनची बायको आहे मी, भाऊजी. भुताखेतांचं बोलत नाही. फ्रिजचा करंट आहे, कळतं मला. पण दाराला हात लावला की पलीकडून काहीतरी हाताला लागतं. एरवी या घरात कुणाचा हात लागतो मला?"

टेस्टरनं चहा घेतला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मग म्हणाला, "ट्रक रबरावर उभाय, वहिनी. गळलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून तो पत्र्यात बसून राहतो. आज थोडा आहे. उद्या आत एखादी वायर पत्र्याला घासली तर पुरता येईल, आणि मग हात सुटायचा नाही."

"माझा ना? नाही सुटला तर नाही."

"पोर येतेय. अनवाणी हिंडते ती."

 वहिनींनी वाकून चपला उचलल्या आणि पायात घातल्या. "करा," म्हणाल्या, आणि घरात निघून गेल्या.

पलंगाखालचा वायरिंगचा डबा टेस्टरनं उघडला. दादाचं काम कसं, तर जागच्या जागी. प्रत्येक पॉइंटची हिरवी अर्थिंगची वायर डब्यापर्यंत आणून एकत्र बांधलेली, आणि तिथून पुढं एक लांब हिरवी वायर पेन्सिलीवर गुंडाळून वेटोळं करून ठेवलेली. ही दादाची जुनी खोड. प्रत्येक डब्यात तो जास्तीची वायर सोडायचा. "मागून येणाऱ्याला कमी पडू नये," म्हणायचा. टेस्टर त्यावरून त्याला चिडवायचा, की वायर काय आपल्या सासऱ्याची आहे का.

मागून येणारा तो स्वतःच होता. टेस्टरला रडू आलं. त्यानं ते आवरलंही नाही, बघायला होतं कोण?  पण तेवढं मनात येताच, आपल्या मागे कुणीतरी बसलंय आणि काम कसं चाललंय ते पाहतंय, असं त्याला वाटत राहिलं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. कुणी नसलेलं पाहायची त्याची हिंमत नव्हती.

त्यानं ट्रकच्या अंगाला गोल भोक पाडलं, रबर घालून सॉकेट आवळलं. आत करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला. चासीवरचा रंग खरवडून लोखंड लख्ख केलं आणि दादाची हिरवी वायर तिथं बोल्टखाली घट्ट धरली. पुरून उरली. उरलेली त्यानं पेन्सिलीवर गुंडाळून डब्यातच ठेवली. खिडकीतली वायर ओढून काढली, आणि घराच्या भिंतीवर, दादानंच केलेल्या अर्थिंगवर, तीनपदरी केबलसाठी नवा बोर्ड लावला.

स्विच टाकला. मीटर लावून पाहिलं. कडीला उलटा हात लावला. मग, जन्मात पहिल्यांदा, सरळ तळहात टेकवला. लोखंड गार होतं, बस. काम चोख झालं होतं, आणि आपण दादाला दुसऱ्यांदा पोचवून आलो असं टेस्टरला वाटलं.

वहिनी बाहेर आल्या. "आता मी बघते. तुम्ही बोर्डाशी जा."

त्यानं बोर्ड बंद केला. भिंतीपासून ट्रकचं दार दिसत नव्हतं. पाण्याचा मग रिकामा झाल्याचा आवाज तेवढा आला, आणि चपला काढल्याचा. त्यानं स्विच टाकला.

"आला का?"

"आला. फ्रिज चालू झाला."

"हाताला येणारा? गेला का?"

 पलीकडून नुसती फ्रिजची घरघर ऐकू येत होती. टेस्टर स्विचवर हात ठेवून उभा होता.

"वहिनी, गेला का?"

"गेले," वहिनी म्हणाल्या.