बोगनवेलीची पाटी

आमच्या संगमनेर तालुक्यात नावाशिवाय काहीच उभं राहत नाही. एसटीच्या थांब्याला नाव, सिमेंटच्या बाकाला नाव, पाण्याच्या टाकीवर तर देणाऱ्याच्या तीन पिढ्यांची नावं. त्यामुळे कॉलेजच्या फाटकावरची बोगनवेल बहरली तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांना तिच्यापुढे पाटी हवी झाली, यात नवल नव्हतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

वेल लावली होती बागकामाच्या मावशींनी. दोन उन्हाळे बादलीबादलीने पाणी घालून जगवली होती. पाटीचं कळताच त्या म्हणाल्या, "सर, कोपऱ्यात का व्हईना, माजं बी नाव टाका. नातीला दावीन."

"टाकतो की!" म्हणालो आणि चहाला गेलो.

पाटी आली. वर अध्यक्षांचा फोटो, खाली 'यांच्या शुभहस्ते लागवड', तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत शास्त्रीय नाव. 'मावशींचं नाव मागाहून सांगतो' म्हणून मी मोकळा ठेवलेल्या कोपऱ्यात पेंटरने स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता. मला संताप आला. पण पगारपत्रकावर अध्यक्षांची सही लागते, म्हणून भाषणातूनच टोला हाणायचं ठरवलं.

अनावरणाला मी या नावाची कुळकथा सांगितली. बोगनवेल हे नाव एका फ्रेंच कप्तानाच्या आडनावावरून आलं. जहाजावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने साहेबाला खूश करायला झाडाला ते दिलं. कप्तानाने त्या वेलीला तांब्याभर पाणीही घातलं नसेल. वेल म्हणे खरी हेरली त्या शास्त्रज्ञाच्या मदतनीस बाईने. जहाजावर बायकांना मज्जाव, म्हणून ती पुरुषाच्या वेशात राबत होती.

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या अध्यक्षांनी. "बघा, थोरामोठ्यांचा मान राखणं तिकडंसुद्धा हाय!" असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. माझा टोला वाया गेला.

मंडळी पांगल्यावर मावशी जवळ आल्या. "सर, त्या बाईचं नाव काय हुतं?"

कप्तानाचं नाव मी भाषणात चारदा घेतलं होतं. तिचं मला ठाऊकच नव्हतं. "मोबाईलवर बघून सांगतो," म्हणालो, आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. लाज वाटली. चाचरत विचारलं, "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?"

त्यांनी झाडू उचलला आणि पाकळ्या गोळा करायला लागल्या.

"आता कशाला, सर? पाटी तर लागली."