आत्याचं चेंबर

आमचे आतोबा हयात होते तोवर सुदामा नगरात कुणालाही कुणापासून काहीही लपवून ठेवता येत नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हायकोर्टात वकिली करायचे. तुकोगंजात एका दवाखान्याच्या वर त्यांचं ऑफिस होतं, आणि त्याचा जिना इतका अरुंद की अंगाने भरलेल्या अशिलाला ते खाली उतरून फुटपाथवरच सल्ला देत. मी एम. ए. करायला देवासहून त्यांच्याकडे आले ती दोन वर्षांसाठी, पण पुढे इथेच नोकरी लागली आणि लग्न होईपर्यंत राहिले. त्यामुळे हा माणूस मी पोळी वाढताना, स्कूटरला लाथा मारताना आणि कोर्टात हरून आल्यावर, अशा सगळ्या अवस्थांमध्ये पाहिला आहे.

प्रत्येक वकिलाचा एक लाडका निकाल असतो म्हणतात. आतोबांचा होता सुप्रीम कोर्टाचा, आणि आत्याने त्याला सवत म्हणून केव्हाच घरात घेतलं होतं. ज्या जाडजूड पुस्तकात तो छापला होता, त्याला तिच्याच जुन्या इरकलीचं कव्हर होतं. निकालाचं सार मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. सरकार एखादा कागद ‘गुप्त आहे, राज्यकारभाराचा आहे’ असं म्हणून दडवू लागलं, तर कोर्टाने नुसती मान डोलवायची नाही. सचिवाने शपथपत्रावर कारण द्यायचं, आणि तरीही मनात शंका राहिली तर जजने तो कागद मागवून घ्यायचा, आपल्या चेंबरमध्ये दार लावून वाचायचा आणि दाखवायचा की झाकायचा ते स्वतः ठरवायचं. आतोबा हे सगळं एका वाक्यात सांगत. “ज्याने लपवलं, त्यानेच लपवण्यालायक आहे की नाही हे ठरवायचं, हे नाही चालणार भिया!” हे वाक्य त्यांनी दूधवाल्याला, गॅरेजवाल्याला आणि माझ्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या मंडळींनाही ऐकवलं होतं. मंडळी घाबरली होती. “वजन थोडं वाढलंय, बाकी काही चिंता नाही,” असं म्हणणाऱ्या खालच्या डॉक्टरला त्यांनी “बाकी म्हणजे काय काय, ते बोला,” असं विचारून अर्धा तास अडवून ठेवलं होतं आणि बाहेर पेशंटांची रांग लागली होती.

पण नुसतं बोलून थांबतील तर ते आतोबा कसले! त्यांनी हा निकाल घरात लागू केला होता. त्यांच्या घरी स्वयंपाकघराला चेंबर म्हणत आणि आत्या जज होती. कुणी काही लपवताना सापडलं, की आतोबा ती वस्तू हिसकावून घेत नसत, विचारतही नसत. फक्त म्हणत, “चेंबर!” मग लपवणाऱ्याने ती वस्तू घेऊन आत जायचं, आत्याला एकटीला दाखवायची, आणि पोळपाटावरून हात न काढता आत्या जो निकाल देईल तो सगळ्यांनी मानायचा. तिचे निकाल दोनच, ‘दाखवा’ किंवा ‘राहू द्या’. कारणं ती सहसा देत नसे. माझ्या आतेभावाच्या शर्टाच्या खिशात एकदा जांभळ्या शाईचं एक पत्र दिसलं. “चेंबर!” झालं. आत्याने पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि बाहेर येऊन म्हणाली, “राहू द्या. घराच्या कामाचं काही नाही.” पुढच्या वर्षी त्या पत्राची लेखिका सून म्हणून घरात आली, तेव्हा आतोबांनी भर मांडवात आत्याला गाठलं. “घराच्या कामाचं नव्हतं म्हणे!” आत्या शांतपणे म्हणाली, “तेव्हा नव्हतं.”

बाजारातही हाच कायदा. कृष्णपुऱ्याकडच्या एका शेववाल्याच्या लसणाच्या शेवेत लसणाखेरीज काहीतरी होतं, आणि ते काय ते आतोबांना सापडत नव्हतं. “भियाजी, वो तो खानदानी चीज है,” शेववाला हात जोडून म्हणे. आतोबा म्हणाले, “मग शपथपत्र दे.” शेवटी तडजोड झाली आणि आत्याला दुकानात नेण्यात आलं. शेववाला तिच्या कानात काहीतरी कुजबुजला. तिने क्षणभर विचार करून “राहू द्या” म्हटलं. आतोबांनी निकाल मान्य केला, पण निघताना स्कूटरला नेहमीपेक्षा दोन लाथा जास्त मारल्या. शेववाला मात्र तेव्हापासून आत्याला जजबाई म्हणायला लागला.

वरच्या कोर्टाचा निकाल खालच्या कोर्टात कसा पोचतो, हे मी एकदा विचारलं होतं. आतोबा दह्याची वाटी पुढे ओढून म्हणाले, “हे बघ, मोठ्या कोर्टाचा निकाल म्हणजे विरजण. चमचाभर घ्यायचं, आपल्या केसच्या दुधात घालायचं आणि वाट बघायची. लागलं तर लागलं.” बहुतेक वेळा लागत नसे. समोरचा सरकारी वकील म्हणे, तो निकाल मोठा आहे साहेब, पण हे प्रकरण वेगळं आहे. आणि जजही म्हणत, खरंच, वेगळं आहे. कुणाची बदली, कुणाचं दुकानाचं लायसन्स, सगळीकडे आतोबांनी तो निकाल घातला आणि बहुतेक सगळीकडे हरले. घरी आले की कोट खुंटीला लावत म्हणत, “आज दूध गरम होतं.” आत्या पोहे टाकायची.

मग शहरातली एक कापडाची मिल बंद व्हायची वेळ आली. त्या वर्षांत शहरात रोज काहीतरी नवीन उघडत होतं, चौकाचौकात एसटीडीचे बूथ, रंगीत टीव्हीची दुकानं, केबलवाले. आणि एकेक मिल मात्र बंद होत होती. बंद करायला सरकारची परवानगी लागते. ती मिळू नये म्हणून या मिलच्या कामगारांनी सरकारकडे एक निवेदन धाडलं, ते आतोबांनीच लिहून दिलं होतं. त्यात मिल कशी चालू ठेवता येईल ते होतं, आणि मागे सह्या नि अंगठे. लूमवर उभी हयात घालवलेले गणपतराव तो गठ्ठा बांधायला आमच्या ओट्यावर बसले. मी ऑफिसची फीत आणून दिली, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि खिशातून आपल्या मिलचं सूत काढलं. दोन बोटांत फिरवून एवढीशी गाठ मारली. “बेटा, ही गाठ खुलत नाही. विणकराची आहे. काटावीच लागते,” ते म्हणाले.

परवानगी तरीही मिळाली. कारण कुणी सांगेना. वर्तमानपत्रात येई की कामगारच कामचोर, हरताळांमुळेच मिल बसली. गणपतराव आतोबांकडे आले ते नोकरी मागायला नाहीच. “वकीलसाहेब, मिल चालू होईल का हे मी पूछतच नाही. आमचं काय चुकलं, एवढं फक्त सांगा. घरात पोरं विचारतात. फाइलमध्ये तर लिहिलं असेल ना?” आतोबांनी फाइल मागितली. सरकारने सांगितलं, गुप्त आहे. सचिवाचं शपथपत्रही आलं. एकट्या जजसमोर आतोबा हरले. दूध गरम होतं. त्यांनी दोन जजांच्या बेंचपुढे अपील केलं.

त्या अपिलाच्या दिवसांत घरात दुसरा विषय नव्हता. आतोबा आंघोळीला गेले तरी आतून युक्तिवाद ऐकू येई. गणपतराव दर तारखेला धुतलेला शर्ट घालून कोर्टाच्या व्हरांड्यात उभे असत. आणि एका दुपारी दोन्ही जज म्हणाले, फाइल बंद पाकिटात आमच्याकडे द्या, आम्ही चेंबरमध्ये वाचतो. आतोबा घरी आले तेव्हा स्कूटर स्टँडवर लावायची विसरले आणि ती तुळशीवर पडली. पुढच्या तारखेला निकाल झाला. मंत्र्यांच्या आपसातल्या चर्चेची दोन पानं झाकून ठेवा, बाकी फाइल कामगारांच्या वकिलाला दाखवा. विरजण लागलं होतं! आत्याने श्रीखंड केलं. आतोबा दुसऱ्या दिवशी इरकलीचं कव्हर घातलेलं पुस्तक काखेत मारून, नवरदेवासारखे फाइल बघायला गेले.

परत आले ते गुपचूप. केस जिंकली म्हणून मी वाकून नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. ते दार आतोबा आत असताना कधी लागल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, जिंकल्यावर माणसाला बायकोशी एकट्याने बोलावंसं वाटत असेल.

रविवारी मिलच्या गेटवर कामगार जमले. आतोबांच्या कुठल्याही केसला कधी न गेलेली आत्या त्या दिवशी आपणहून साडी बदलून निघाली, आणि मीही. आतोबा एका स्टुलावर उभे राहिले. एरवी खणखणीत असणारा त्यांचा आवाज त्या दिवशी बसला होता. त्यांनी फाइलीत जे होतं ते वाचलं. मालकांचा अर्ज. त्यावर एका ओळीचा शेरा, ‘परवानगी द्यावी’. खाली ‘सहमत’, त्याखाली पुन्हा ‘सहमत’, आणि सह्या. कामगारांविषयी बरं-वाईट एक अक्षर नव्हतं. मग ते थांबले, आत्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तुमचं निवेदन शेवटी लावलेलं आहे. सूत तसंच आहे. गाठ कुणी कापलेली नाही.”

गेटच्या आत कुठेतरी पत्रा वाजत होता. मग गणपतराव पुढे आले. “तशीच आहे? माझी गाठ?”

“तशीच.”

“पढाच नाही, तर गलती कुठून काढणार?” ते म्हणाले. मग मागे वळून सगळ्यांना जोरात म्हणाले, “सुनो रे! आपलं काही चुकलं नव्हतं!” आणि तिथेच, धुतलेल्या शर्टाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले. मला तेव्हा सरकारचा इतका संताप आला की आजही तो पुरता उतरलेला नाही.

पुढे कोर्टाने ती परवानगी रद्द केली आणि सरकारला सांगितलं, निवेदन वाचून पुन्हा विचार करा. पण तोवर यंत्रं भंगारात गेली होती, विचार करायला मिलच उरली नव्हती. निकाल मात्र राहिला. कुठल्याशा धरणाच्या अपिलात, कुणा मास्तरणीच्या बडतर्फीच्या अपिलात तरुण वकील आतोबांच्या अपिलाचा निकाल पुढे करू लागले आणि जज फाइली मागवू लागले. असा एखादा वकील भेटायला आला की आतोबा खुशीने आत ओरडत, “अहो, ऐकलं का, आपल्या विरजणाचं दही यांच्याकडे लागलंय!”

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मिलच्या जागी दुकानं आली, गणपतरावही गेले. मागच्या दिवाळीत आत्याकडे चकल्या पाडता पाडता मी सहज विचारलं, “सगळ्यांना चेंबरमध्ये धाडणारे आतोबा स्वतः कधी आले होते का गं?”

“एकदा,” आत्या म्हणाली. “फाइल बघून आले त्या दिवशी. म्हणाले, हे त्यांना नाही सांगायचं. फाइलीत विशेष काही नाही असं सांगून टाकतो. एवढ्या आशेवर बसलेत बिचारे, त्यांचा कागद कुणी उघडलासुद्धा नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? जन्मभर दुसऱ्यांचं झाकलेलं उघडत हिंडले आणि तेव्हा मात्र स्वतःच झाकायला निघाले होते.”

“मग?”

“मग काय! मी म्हटलं, दाखवा. गाठ त्यांची आहे.”

आत्याने चकली कढईत सोडली. मला त्या लागलेल्या दाराची आठवण झाली आणि राहवलं नाही. “आत्या, आतोबा रडले होते का गं तेव्हा?”

तिने झाऱ्या हातात घेतला, कढईतल्या चकल्या एकेक करून उलटल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “राहू दे. ते चेंबरमधलं आहे.”