मॅग्नोलियाला थंडी लागते हो!

नर्सरीतली रोपं विकली जातात, संपतात. गिऱ्हाइकांचे किस्से मात्र वाढतच जातात, त्यांना ना खत लागतं ना पाणी! शेणव्याला मी आणि माझी धाकटी जाऊ सुनंदा मिळून नर्सरी चालवतो. आंबा, जांभूळ, सोनचाफा विकत होतो तोवर सुखात होतो. मग आजूबाजूला फार्महाउसं उठली आणि जो तो मोबाइल पुढे करून मॅग्नोलिया मागायला लागला. आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातलं झाड, पण नखरे किती!

* * *

टोकावड्याच्या एका फार्महाउसवाल्या साहेबांनी फोटो दाखवला. झाडावर पान एक नाही, नुसती गुलाबी फुलं!

"साहेब, हा थंड मुलखातला. हिवाळ्यात कडक थंडी मिळाल्याशिवाय फुलत नाही. तुम्ही पांढरा घ्या, हिमचंपा. तो इथे निभावतो."

"थंडीचं आम्ही बघतो," म्हणाले, आणि कुठूनसं गुलाबीच रोप आणून लावलं.

उन्हाळ्यात फोन आला. पानं काळी पडलीत, ताबडतोब या! जाऊन बघते तर आळ्यात बर्फाच्या लाद्या.

"अहो, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, थंडी पाहिजे!"

* * *

मुरबाडच्या यशोदामावशींना बजावून सांगितलं होतं, हिमचंपा उंचावर लावा, मुळाशी पाणी साचू देऊ नका. मावशींनी लावला थेट भाताच्या खाचरात. पावसाळ्यात मूळ कुजलं.

"मावशी, एवढ्या पाण्यात झाड लावतात का?"

"मंग भात कसा ऱ्हातो गो?"

"भाताचं वेगळं, याचं वेगळं!"

"वेगळं कसलं? माझा भात बघ कसा हाय! खोट तुझ्या झाडातच हाय."

भात खरंच झकास होता. सोबत आलेली सुनंदा फिदीफिदी हसत होती. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

* * *

शहापूरच्या एका मास्तरांना सुनंदाने सांगितलं, "याला माती जरा आंबट लागते. चुना, सिमेंटचा राडारोडा टाकू नका. पालापाचोळ्याचं खत घाला." मास्तरांनी फक्त 'आंबट' ऐकलं आणि रोज तांब्याभर ताक ओतलं! वासाने गल्लीतली कुत्री जमली आणि त्यांनी रोप उकरून काढलं. मास्तर ते घेऊन भांडायला आले.

सुनंदा वैतागून म्हणाली, "पुढच्या वेळी मीठसुद्धा घाला!"

मास्तरांनी गंभीरपणे विचारलं, "साधं की सैंधव?"

* * *

एकाला पुढच्या महिन्यात वास्तुशांतीला फूल हवं होतं. म्हटलं, "अहो, याला फुलायला वर्षं लागतात."

"डबल खत टाकलं तर?"

मी हात जोडले.

* * *

आणि कसाऱ्याचे काका. रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी हिमचंपा परसात लावला. थोड्या दिवसांनी काढून अंगणात लावला. मग तिथूनही काढून पडवीच्या कडेला! दर खेपेला पानं गळायची आणि काका नर्सरीत हजर. "झाड खराब दिलंस तू!"

एकदा माझं डोकंच फिरलं. "काका, याची मुळं नाजूक असतात! एकदा लावलं की हलवायचं नाय! झाड आहे ते, खुर्ची नाय!"

काका खाली बघत म्हणाले, "हिला उठता येत नाय गो. खाट हलवली की खिडकी बदलते. तिला फूल दिसाया हवं ना."

दुसऱ्या दिवशी आमचं गांडूळखत घेऊन त्यांच्या घरी गेले. झाडाची काडी झाली होती. काका चहा ठेवायला आत गेले तशी काकींनी मला खाटेजवळ बोलावलं.

"काकी, खाट आता हलवू नका," मी म्हटलं. "झाड जगलं तरी फुलायला वर्षं लागतील."

"म्हाईत हाय गो," काकी हळूच म्हणाल्या. "खाट मीच हलवाया लावते. नायतर हे दिवसभर माझ्या उशाशी बसून रडतात. खाट हलली की खड्डा खणतात, तुझ्याकडं येऊन भांडतात, मग घरी येऊन पोटभर जेवतात. तू वरडत ऱ्हा त्यांच्यावर."